अनाथपरिपालन : कादंबरींतील एका वचनाचा उत्तरार्ध

१

प्राचीन भारतीयांच्या भूतदयेविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या लेखनांत गाय, घोडा व हत्ती यांस मानाचें स्थान असतें. पांजरपोळांचा उल्लेख असतो. अहिंसेचें सामान्य विवेचन तर असतेंच. परंतु आईबापांस मुकलेलें रानांतील पिलूं मनुष्याच्या हातीं आलें असतां त्याचें काय करावें, तें कोठें ठेवावें, त्यास काय खाऊं घालावें आणि तें वाढल्यावर त्याचा व आपला संबंध काय राहावा, या नेमक्या प्रश्नास आपल्या ग्रंथांत कांहीं उत्तर आहे काय, याचा विचार क्वचितच होतो. सुशिक्षितांतही असा समज आढळतो कीं, अनाथ श्वापद वाढवून पुन्हा रानास परत करण्याची कल्पना केवळ अर्वाचीन व पाश्चात्त्य होय. केनियांत १९५६ सालीं ॲडमसन दंपतीनें मातृहीन सिंहिणीचें पिलूं वाढवून पुढें तिला रानांत राहावयास शिकविलें व १९६० सालीं ती हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली, तेथून या विद्येचा आरंभ झाला, असें सांगण्यांत येतें. त्या दंपतीचें श्रेय अणुमात्र कमी न करितां, हा समज पूर्णपणें बरोबर नाहीं, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों त्यास एक खासगी कारण घडलें आहे व तें प्रथम सांगून टाकणें प्रामाणिकपणाचें होईल. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, आठवीच्या वर्गांतील एका मुलानें पोपटाचें एक पिलूं दप्तरांतून आणिलें. रस्त्याच्या रुंदीकरणांत एक जुना वड पडला होता. त्याच्या ढोलींतील बाकीचीं पिलें मेलीं व हें एक उरलें. आम्हीं त्या निमित्तानें वर्गास बाणभट्टाचा ‘अनाथपरिपालन’ हा शब्द फळ्यावर लिहून दाखविला, समासाचा विग्रह सांगितला आणि पिलास पिंजरा आणविला. भिजविलेली डाळ व पेरूच्या फोडी खाऊन तें चांगलें वाढलें. वर्गांतील प्रत्येक मुलाच्या हातावर बसूं लागलें. उन्हाळ्याच्या सुटीच्या आदल्या दिवशीं, आतां यास स्वतंत्र करावें, म्हणून आम्हीं मोठ्या समारंभानें पिंजऱ्याचें दार उघडिलें. पक्षी कौलांवर जाऊन बसला, थोड्या वेळानें अंगणांत उतरला, आणि संध्याकाळच्या आंत मांजरानें त्यास धरिलें. मांजराचें भय त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें. ज्या शब्दाचा आम्हीं विग्रह केला होता, तो ज्या वचनांत आला आहे तें वचन आम्हीं शेवटपर्यंत वाचलें नव्हतें, हें पुढें कित्येक वर्षांनीं ध्यानांत आलें.

२

वाचकांस कथाभाग परिचित आहेच. तरी प्रस्तुत विषयापुरता सांगतों. बाणभट्ट हा स्थाण्वीश्वराच्या हर्षाचा समकालीन. हर्षाचा काळ इ. स. ६०६ ते ६४७. कादंबरीचें निवेदन वैशंपायन नामक शुकाच्या मुखीं आहे. विंध्याटवींत पंपासरोवराच्या कांठीं एका जुन्या शाल्मलीवृक्षावर त्याचा जन्म झाला. प्रसववेदनांनीं माता गेली व वृद्ध पित्यानें त्यास वाढविलें. पुढें शबरांचें सैन्य मृगया करीत त्या रानांतून गेलें. मागें राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढला व ढोलींतील पक्षी मारून खालीं टाकूं लागला. पित्याच्या पंखाखालीं असलेलें हें पिलूं वाळक्या पानांच्या राशीवर पडल्यामुळें वांचलें. तहानेनें व्याकुळ होऊन तें सरपटत असतां जाबालि मुनींचा पुत्र हारीत स्नानास चालला होता, त्याच्या दृष्टीस पडलें.

येथून पुढचा भाग आमच्या विषयाचा गाभा होय. हारीतानें पिलास सरोवराच्या कांठीं आणविलें, त्याचें मुख वर करून बोटानें पाण्याचे कांहीं थेंब पाजले, कमळाच्या गार छायेंत ठेविलें, आणि स्नान आटोपून त्यास आश्रमांत नेलें. मुनिजनांनीं विचारिलें तेव्हां त्यानें जें उत्तर दिलें, त्याचा आशय असा : हें पिलूं घरट्यांतून पडलेलें मिळालें, तो वृक्ष तपस्व्यांस चढण्यास कठीण, म्हणून यास पुन्हा घरट्यांत ठेवितां आलें नाहीं, तेव्हां पंख फुटून आकाशांत उडण्याचें सामर्थ्य येईपर्यंत आश्रमांतल्याच एखाद्या झाडाच्या ढोलींत, आम्ही आणून दिलेल्या नीवाराच्या कणांवर व फळांच्या रसांवर तें जगो, अनाथांचें परिपालन हा आमच्यासारख्यांचा धर्मच आहे, पंख फुटल्यावर मात्र तें आपल्यास रुचेल तिकडे जाईल, अथवा परिचय जडल्यास येथेंच राहील.

या उत्तराचा मध्यभाग, म्हणजे अनाथपरिपालनाचा धर्म, सुभाषितासारखा उद्धृत होतो. आम्हींही तोच फळ्यावर लिहिला. परंतु त्याच्या मागचा व पुढचा भाग जोडून वाचला असतां त्यांत एक संपूर्ण व्यवस्था दिसते. तिचीं पांच अंगें आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिलें, पिलास घरट्यांत परत ठेवण्याचा विचार अगोदर झाला व तो अशक्य ठरल्यावरच तें आश्रमांत आणिलें. दुसरें, पिलास पिंजरा नाहीं, झाडाची ढोली आहे. पोपटाची जात मूळची ढोलींतच घरटें करणारी आहे, हें कवीनें विसरूं दिलेलें नाहीं. तिसरें, अन्न नीवाराचें, म्हणजे न पेरतां उगवणाऱ्या रानसाळीचें. चौथें, पालनास मर्यादा घातली आहे; ती पंख फुटेपर्यंतची. पांचवें अंग व्याकरणाचें आहे आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें आहे. शेवटच्या वाक्यांत जाणें व राहणें या दोन्ही क्रियांचा कर्ता पक्षी आहे. आम्ही त्यास सोडूं किंवा आम्ही त्यास ठेवूं, असा प्रयोजक प्रयोग हारीत करीत नाहीं. पालन आमचें, परंतु निर्णय त्याचा.

कादंबरीची पीटरसन यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १८८३ सालीं निघाली. पुढें निर्णयसागरानें भानुचंद्र व सिद्धिचंद्र या जैन पंडितांच्या टीकेसह ग्रंथ छापिला. या टीकाकारांविषयीं एक गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. पूर्वार्धाचा टीकाकार भानुचंद्र तपागच्छाचा, अकबराच्या दरबारीं राहिलेला. त्याच गच्छाचे आचार्य हीरविजय सूरि १५८३ सालीं फत्तेपूर शिक्रीस गेले असतां बादशहानें त्यांच्या विनंतीवरून पिंजऱ्यांतील पक्षी सोडविले व पर्युषणाच्या दिवसांत प्राणिवध बंद केला, असें जैन चरित्रग्रंथ सांगतात. शुकाच्या मुक्ततेचें वचन ज्या ग्रंथांत आहे त्यावर त्याच परंपरेंतील विद्वानानें टीका लिहावी, हा योगायोग असेल. तथापि तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

३

आतां कोणी शंका घेईल कीं, हें एका कवीचें मनोराज्य आहे. तेवढ्यावरून समाजाची रीति कशी ठरवावी? ही शंका रास्त आहे, म्हणून निराळ्या जातीचीं प्रमाणें पाहूं.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली, हें येथील वाचकांस सांगावयास नको. त्यांतील सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत असा नियम आहे कीं, जिवंत धरलेल्या पशुपक्ष्यांपैकीं सहावा हिस्सा अभयवनांत सोडून द्यावा. हा धर्मोपदेश नव्हे. कसाईखान्यावरील अधिकाऱ्याचें तें कर्तव्य आहे. त्याच ग्रंथांत हस्त्यध्यक्षाच्या प्रकरणीं कोणते हत्ती धरूं नयेत याची यादी दिली आहे. तींत ‘विक्क’ म्हणजे दूध पिणारें पिलूं, तशीच गाभण व लेकुरवाळी हत्तीण येते. पिलूं अनाथ होऊंच नये, याची ही तजवीज होय. यामागें दयेपेक्षां राज्याचा हिशोब अधिक असेल. हत्ती हें सैन्याचें अंग होतें व पिलें वांचलीं तरच पुढें हत्ती मिळणार. परंतु हिशोबानें कां होईना, नियम झाला हें खरें.

अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अभिषेकानंतर सव्विसावें वर्ष दिलें आहे. त्यांत अवध्य प्राण्यांची लांब यादी देऊन पुढें म्हटलें आहे कीं, गाभण किंवा दूध देणारी शेळी, मेंढी व डुकरीण मारूं नये आणि सहा महिन्यांच्या आंतील त्यांचीं पिलेंही मारूं नयेत; जीव असलेला भुसा जाळूं नये; निष्कारण अथवा हिंसेसाठीं रानास आग लावूं नये. वणव्यांत पिलें होरपळतात हें ज्यास ठाऊक आहे त्यास या शेवटच्या आज्ञेची किंमत कळेल. महाराष्ट्राचा संबंध पाहावयाचा तर, सोपारा येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस ज्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला, त्या लेखाचा विषय मृगयेच्या विहारयात्रा टाकून राजानें धर्मयात्रा आरंभिल्याचाच आहे.

तेव्हां बाणाच्या काळापूर्वींच पिलांस अभय देण्याची व धरलेले जीव रानांत सोडण्याची कल्पना राजशासनांत रूढ झालेली होती. हारीताचें उत्तर त्या जमिनींतून उगवलेलें आहे.

४

काव्यांतील व पुराणांतील आणखी तीन पिलांचा विचार येथें केला पाहिजे, कारण तीं तिन्ही हारीताच्या वचनावर भाष्य केल्यासारखीं आहेत.

पहिलें शाकुंतलाच्या चौथ्या अंकांतलें. शकुंतला सासरीं निघाली असतां जें हरिणाचें पाडस तिचें वस्त्र धरून मागें येतें, तें विण्यानंतर लवकरच आई मेल्यामुळें तिनें वाढविलेलें. दर्भाच्या अग्रांनीं त्याचें तोंड कापलें तेव्हां तिनें इंगुदीचें तेल लाविलें होतें व मुठी मुठी सांवा चारून त्यास मोठें केलें होतें. तें आश्रमांतच राहिलें. परंतु आश्रमाला कुंपण नव्हतें, आणि आतां तात तुझी काळजी घेतील, असें सांगूनच ती पुढें जाते. पांचव्या अंकांत तिनें राजास दीर्घापांग नांवाच्या पाडसाची आठवण दिली आहे : राजानें कमळपत्रांतून पाणी देऊं केलें तें त्यानें घेतलें नाहीं, तिच्या हातचें मात्र घेतलें. रानांतील पिलानें परक्या माणसाचा विश्वास धरूं नये, ही गोष्ट कवीनें दोष म्हणून सांगितलेली नाहीं. आमच्या पोपटास हीच विद्या येत नव्हती.

दुसरें जडभरताचें. विष्णुपुराणांत व भागवतांत कथा एकच : पाणी पिण्यास आलेली गाभण हरिणी सिंहाच्या गर्जनेनें दचकून उडी घेते, गर्भ पाण्यांत पडतो, हरिणी मरते, आणि राज्य टाकून तप करणारा भरत तें पाडस उचलून आश्रमांत आणितो. अंतकाळीं मन त्या हरिणांत गुंतल्यामुळें त्यास मृगयोनि प्राप्त होते. कीर्तनांतून या कथेचें तात्पर्य असें सांगितलें जातें कीं, दयाही बंधनकारक असते. आम्हांस तें तात्पर्य अपुरें वाटतें. विष्णुपुराणांत असें वर्णन आहे कीं, तें पाडस आश्रमाभोंवतीं चरे, मग दूर जाई, वाघाच्या भयानें परत येई. सकाळीं गेलेलें सायंकाळीं येई. म्हणजे पाडस आपल्या क्रमानें रान शिकत होतें! त्याचें कांहीं चुकत नव्हतें. तें दूर गेलें कीं लांडग्यानें खाल्लें असेल, वाघानें मारलें असेल, या चिंतेनें भरताचाच जीव जाई. पाडसास पंख फुटले होते, भरताच्या मनास ते फुटले नाहींत. पुराणकारानें पिलूं उचलण्यास दोष दिलेला नाहीं; दोष आहे तो अवधि संपल्यावरही न सोडण्यास.

तिसरें पिलूं अनाथ नाहींच, आणि म्हणूनच तें अधिक महत्त्वाचें. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत बाल सर्वदमन सिंहिणीचें अर्धें दूध प्यालेलें पिलूं ओढून आणितो. तापसी त्यास बजावते कीं, हें सोडलें नाहींस तर सिंहीण तुझ्यावर झेंप घेईल. आणि त्याचें मन वळविण्यासाठीं मातीचा मोर देऊं करते. प्रेक्षक यांत भावी चक्रवर्तीचें शौर्य पाहतात. पण तापसीच्या बोलण्यांत रानाचें जें ज्ञान आहे तें आज पुणें जिल्ह्यांतील प्रत्येक ऊसतोड मजुरास हवें आहे.

५

हें शेवटचें विधान अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून खुलासा करितों. जुन्नर, आंबेगांव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्याची मादी पिलें घालते. ऊस तोडतां तोडतां तीं पिलें मजुरांस सांपडतात. आई जवळपासच असते. दिवसा माणसांमुळें येत नाहीं, इतकेंच. पूर्वीं अशीं पिलें अनाथ समजून उचलून नेण्यांत येत, आणि पिलें शोधणारी मादी त्या शिवारांत घिरट्या घालीत राही. आतां वनविभाग व माणिकडोह येथील बिबट निवारण केंद्रांतील वैद्य पिलें तपासून, संध्याकाळीं ज्या जागीं सांपडलीं त्याच जागीं खोक्यांत ठेवितात व दूर राहून पाहतात. पुष्कळ वेळां रात्रीं आई येते व पिलांस तोंडांत धरून नेते. घरट्यांत परत ठेवितां येतें काय, हा हारीताचा पहिला प्रश्न तो हाच.

जेथें आई खरोखरच नसते तेथें दुसरा प्रश्न येतो. आसामांत ब्रह्मपुत्रेच्या पुरांत काझीरंग्याच्या गेंड्यांचीं पिलें आयांपासून तुटतात. तेथें २००२ सालीं वनविभाग व दोन वन्यजीवसंस्था यांनीं मिळून एक शुश्रूषाकेंद्र काढिलें. बाटलीच्या दुधावर वाढविलेले गेंडे २००६ सालापासून मानसच्या अरण्यांत नेण्यांत आले; प्रथम त्यांस विस्तीर्ण कुंपणांत ठेवून तेथील गवत, पाणी व वास यांची ओळख होऊं दिली, मग कुंपण उघडलें. गेल्या शतकाच्या अखेरीस मानसांतील गेंडे मारले जाऊन नष्ट झाले होते. तेथें या पोरक्या पिलांपैकीं माद्यांस पुढें पिलें झालीं. पंख फुटल्यावर जाईल, या पक्षाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अथवा येथेंच राहील, या दुसऱ्या पक्षाचें उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्यांत आहे. भामरागडाजवळ हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया लोक पोटासाठीं शिकार करीत. मारलेल्या माकडिणीस बिलगलेलें पिलूं पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनीं तें मागून घेतलें, आणि तेव्हांपासून गांवकरी अशीं पोरकीं पिलें त्यांच्याकडे आणून देऊं लागले. मनुष्यांत वाढलेलीं व रानांत परत जाऊं न शकणारीं कित्येक श्वापदें तेथेंच राहिलीं. तेथें परिचय जडला तो दोहों बाजूंनीं, आणि त्याचा भारही दोहों बाजूंनीं वाहावा लागला.

आमच्या पोपटाची चूक कोठें झाली, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. आम्हीं पहिला प्रश्न विचारला नाहीं, ढोलीच्या जागीं पिंजरा आणिला, सर्व मुलांशीं परिचय जडूं दिला, आणि नंतर परिचय जडलेला नाहीं असें समजून दार उघडिलें. उत्तरार्धांत बाणपुत्रानें यावरही लिहून ठेविलें आहे. पंख फुटलेला वैशंपायन अवधीपूर्वींच आश्रम सोडून उत्तरेकडे उडतो, उडण्याचा सराव नसल्यानें थोड्याच अंतरांत थकतो, विसांवा घेतां घेतां झोंपतो आणि जागा होतो तो पारध्याच्या जाळ्यांत. नवीन सुटलेल्या पक्ष्यावर पहिल्या दिवसांतच आपत्ति येते, हें पक्षिशुश्रूषा करणारे आज सांगतात. म्हणून ते मोठ्या जाळीघरांत पंखांस सराव देतात, सजातीय पक्ष्यांत ठेवितात व दार उघडल्यावरही कांहीं दिवस अन्न ठेवीत राहतात.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. काव्य हें वैद्यक नव्हे. हारीतानें पिलाच्या मुखांत थेंब घातले, तें पाहून कोणी तसें करूं नये. पाणी श्वासनलिकेंत जाऊन पिलूं दगावतें, म्हणून आधीं ऊब द्यावी व जाणत्याकडे न्यावें, असा आजचा वैद्यकाचा निर्णय आहे. तसेंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें पोपटासारखे पक्षी घरीं ठेवणें हा अपराध आहे. तेव्हां सांपडलेलें पिलूं वनविभागास कळविणें हेंच आजचें अनाथपरिपालन होय.

६

संग्राहक बंधूंस एक विनंति करून हा लेख संपवितों. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापिला म्हणून तो सर्वांस सुलभ झाला. पशुवैद्यकाचे असे अनेक लहानमोठे ग्रंथ, बाडांत बांधलेलीं औषधांचीं टिपणें, शिकारखान्याचे व पीलखान्याचे कागद घरोघरींच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. काव्याच्या पोथ्या निवडतांना असे कागद रद्दी समजून बाजूस पडतात. त्यांत पिलांच्या संगोपनाविषयीं एखादी ओळही आढळल्यास ती उतरवून घ्यावी व मंडळास कळवावी. आणि ती ओळ शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या वैशाखांत शेजारच्या मुलानें बुलबुलाचें पिलूं ओंजळींत धरून आम्हांकडे आणिलें. पिसें आलीं होतीं, शेपूट मात्र आंखूड होती. आम्हीं त्यास विचारिलें, कोठें सांपडलें? त्यानें जास्वंदीचें झुडूप दाखविलें. आम्हीं दोघांनीं तें पिलूं त्याच झुडपाच्या आंतल्या फांदीवर ठेविलें, मांजर कोंडून घातलें व ओसरीवर येऊन बसलों. अर्ध्या घटकेंत चोचींत किडा घेऊन बुलबुल आली. मुलास थोडें वाईट वाटलें, कारण त्यानें पिलाचें नांवही ठरविलें होतें. आम्हीं त्यास हारीताचें उत्तर सांगितलें; या वेळीं सबंध सांगितलें.